भिंतीपलीकडचा मिक्सर

नव्या फ्लॅटची वास्तुशांत होते, पाहुणे जातात आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री घरच्यांना कळतं की शेजारचे काका घोरतात. सकाळी सहाला त्यांच्याकडे चटणी वाटली जाते, वरच्या मजल्यावर कुणीतरी स्टूल ओढतं. एवढे पैसे मोजून घेतलेल्या घरात एवढं ऐकू का येतं? सोसायटीत या प्रश्नाची उत्तरं फार ठामपणे मिळतात. त्यातली बरीचशी चुकीची असतात.

सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे "हल्ली भिंती पातळ असतात." हे अर्धंच खरं आहे. बोलणं, टीव्ही, घोरणं असा हवेतून येणारा आवाज भिंतीच्या वजनामुळे अडतो. जाडी हा त्यातला फक्त एक भाग. भाजक्या विटांची नऊ इंची भिंत प्लास्टरसकट दर चौरस मीटरला चारशे किलोंहून जास्त भरते. पुण्या-ठाण्याच्या नव्या इमारतींत सर्रास दिसणारी सहा इंची एएसी ब्लॉकची भिंत, जिला लोक सिपोरेक्स म्हणतात, ती दीडशे किलोंच्या आसपास असते. वजन दुप्पट झालं की पाच-सहा डेसिबल जास्त अडतात, या हिशेबाने दोन भिंतींत दहाएक डेसिबलचा फरक पडतो आणि कानाला तेवढ्याने आवाज साधारण दुप्पट वाटतो. एएसी ब्लॉक वाईट असतो असं नाही. त्यामुळे इमारतीवरचा भार कमी होतो, लोखंड वाचतं, काम झपाट्याने होतं. तो हलका आहे म्हणूनच उष्णता अडवतो, आणि हलका आहे म्हणूनच आवाज सोडतो.

मग मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या इमारतीत शांतता असायला हवी. शेजारचं बोलणं तिथे खरोखर कमी येतं. पण चार मजले वर कुणी ड्रिल लावलं की ते आपल्याच हॉलमध्ये चालू आहे असं वाटतं. आवाजाची दुसरी जात इथे उघडी पडते. टाचांचा ठेका, खलबत्ता, ओट्यावर थरथरणारा मिक्सर यांचा धक्का थेट बांधकामात शिरतो. भिंती, स्लॅब, तुळया एकसंध असल्या की तो धक्का फारसा न विरता दूरवर पोचतो. पुष्कळदा गुन्हेगार समजून ज्याची बेल वाजवली जाते तो बिचारा झोपलेला असतो. ठोकाठोक भलत्याच मजल्यावर चाललेली असते.

उपाय ठरवताना ही जात आधी ओळखावी लागते. पैसे वाया जातात ते इथेच.

भिंतीला फोमचे काळे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवणं हा यूट्यूबने घरोघरी पोचवलेला उपाय. रेकॉर्डिंग स्टुडिओत तो फोम असतो हे खरं, पण खोलीतला प्रतिध्वनी शोषण्यासाठी. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला ते नसतं. शेजारी तेवढाच ऐकू येतो. फक्त आपली खोली जरा बोदी वाटू लागते.

आहे त्या भिंतीवर पट्ट्या ठोकून एक जिप्सम बोर्ड बसवणं याहून धोक्याचं. भिंत आणि बोर्ड यांच्यामध्ये अरुंद पोकळी राहिली की बोर्ड, हवा आणि भिंत मिळून स्प्रिंगसारखे डोलतात आणि गाण्याचा खालचा धमधम ठोका पूर्वीपेक्षा ठळक ऐकू येऊ शकतो. काम करायचंच तर मूळ भिंतीला न टेकणारी वेगळी धातूची चौकट उभारायची, आत रॉकवूल भरायचं, वर बोर्डाचे दोन थर लावायचे आणि कडा लवचिक सीलंटने बंद करायच्या. यात खोलीची दहाएक सेंटिमीटर जागा जाते. बोलणं, टीव्ही यांना त्याने चांगला आळा बसतो. वरच्या पावलांना नाही.

त्यापूर्वी फटी तपासाव्यात, कारण त्यांचा हिशेब विलक्षण आहे. दहा चौरस मीटरची, पन्नास डेसिबल अडवणारी भिंत घ्या आणि तिला दहा बाय दहा सेंटिमीटरचं भोक पाडा. गणिताप्रमाणे ती भिंत आता जेमतेम तीस डेसिबल अडवते. ब्लॉकची शेवटची रांग आणि तुळई यांच्यामधली जागा गवंडी घाईघाईत भरतात, ब्लॉकांचे उभे सांधे अर्धवट राहतात, दोन घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. प्लास्टर आणि रंगाखाली हे सगळं छान झाकलं जातं. शेजारचा शब्दन् शब्द कळत असेल, तर पहिला संशय फटींवर घ्यावा.

वरून येणाऱ्या पावलांसाठी लोक स्वतःच्या छताला फॉल्स सीलिंग लावतात. त्याने थोडाफार फरक पडतो, पण धक्का स्लॅबमधून भिंतींतही उतरत असतो. तो जिथे जन्मतो तिथे अडवणं फार स्वस्त: वर सतरंजी किंवा गालिचा, खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या, मिक्सरखाली रबराचा जाड तुकडा. म्हणजे खर्च खालच्याच्या सोयीसाठी आणि परवानगी वरच्याची. गालिचा भेट देऊन हा पेच सुटत असेल तर फॉल्स सीलिंगच्या बिलापेक्षा तो नक्कीच परवडेल.

खिडक्यांबद्दलही एक समज आहे: जाड काचेच्या घट्ट खिडक्या बसवल्या की घर शांत. रस्त्याचा आवाज कमी होतो, हे बरोबर. पण तोच आवाज आतापर्यंत शेजाऱ्याच्या टीव्हीवर पांघरूण घालत होता. ते काढून घेतलं की टीव्ही उघडा पडतो. चाळीत आवाज नव्हते असं कोण म्हणेल? पण दारं सताड उघडी आणि गलका सततचा, त्यात एकटा आवाज वेगळा काढून त्यावर चिडायला वावच नसायचा.

"दहाच्या आत काहीही चालतं" हा समज मात्र कायद्याला मान्य नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सकाळी सहा ते रात्री दहा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. डीजेसाठी पोलिसांना ११२ वर कळवता येतं. धावणाऱ्या मुलासाठी तो रस्ता नाही. तिथे सोसायटीच्या उपविधीतलं इतर सभासदांना उपद्रव न देण्याचं बंधन आणि सेक्रेटरींची मध्यस्थी एवढंच हाती उरतं.

आणि बिल्डर? इंग्लंडमध्ये २००३ पासून नव्या घरांमधल्या सामाईक भिंतीने किमान ४५ डेसिबल अडवावेत असा दंडक आहे. त्यासाठी नमुन्याच्या घरांत प्रत्यक्ष मोजमाप करतात किंवा आधीच मान्य झालेली बांधणी वापरतात. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ध्वनीवर स्वतंत्र विभाग आहे, पण ताबा घेताना असा मोजमापाचा अहवाल सहसा कुणी हातात ठेवत नाही. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला कारागिरीचा दोष बिल्डरने तीस दिवसांत, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. "शेजारचं ऐकू येतं" ही तक्रार तिथे लंगडी पडते. "तुळईखालची फट भरलेली नाही" ही फोटोसह लेखी दिलेली तक्रार पायावर उभी राहते.

ज्यांचं बुकिंग अजून व्हायचं आहे त्यांनी दोन फ्लॅटमधली भिंत कशाची आणि किती इंची, हे लिहून मागावं. आपल्या पलंगामागे शेजाऱ्याचा ओटा येतो की लिफ्ट, तेही बघावं. त्यासाठी संपूर्ण मजल्याचा नकाशा लागतो. जाहिरातीच्या पत्रकात बहुधा एकाच फ्लॅटचा छापलेला असतो.