आधीच पैसे मोजलेल्यांचे काय?

मोटारीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा बिघडते. वॉरंटी संपलेली असल्याने मालक पदरचे पैसे मोजून ती बदलतो आणि काही महिन्यांनी त्याच दोषासाठी कंपनी ते मॉडेल परत मागवते. या मालकाच्या खर्चाचे काय? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 110-अ उत्पादकावर किंमत परत करण्याचे, वाहन बदलून देण्याचे किंवा ते दुरुस्त करण्याचे दायित्व टाकते. आधीच झालेल्या दुरुस्तीबाबत मात्र ते मौन बाळगते. अमेरिकेत 2000 च्या ‘ट्रेड’ कायद्यान्वये, वाहने परत मागवण्याआधीच्या वाजवी काळात केलेल्या अशा खर्चाच्या भरपाईची योजना कंपनीला सादर करावीच लागते.

आपल्याकडे उरतो तो ग्राहक आयोग. तेथे तक्रारीची मुदत दोन वर्षे. शिवाय दोष ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी लागली, तर तिचे शुल्क तक्रारदारानेच भरायचे. पण काढलेला सुटा भाग सेवा केंद्रातच राहिला असेल, तर तपासायचे काय? (म्हणूनच बिलाबरोबर जुना भागही मागून घ्यावा.) उत्पादकाने स्वतःच मान्य केलेला दोष ग्राहकाने पुन्हा सिद्ध करत बसण्याचे कारण नाही. परतफेडीची तरतूद कलम 110-अ मध्येच हवी.