त्या रात्रीचा चंद्र कुठे गेला?

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे सोलापूरच्या आमच्या जुन्या घरात सगळे मिरवणूक बघून दमून झोपलेले. मी तेव्हा सात वर्षांची. मला आठवतं ते असं : हिव भरल्यावर दात वाजावेत तशी मांडणीवरची पितळी भांडी वाजायला लागली. मग वरचा मोठा डबा फरशीवर आदळला आणि त्याचं झाकण बराच वेळ गरगरत राहिलं. आजी ओरडली, "अगं उठा, धरणी हलतेय!" बाबांनी कडी काढली. बाहेर मिट्ट काळोख, कुत्र्यांचा ओरडा, गल्लीभर अनवाणी माणसं. रस्त्यावर पाय टेकला तर तळव्याला गार, ओलसर काहीतरी लागलं. मिरवणुकीतला गुलाल.

किल्लारीचं नाव नंतर कळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं जमीनदोस्त झाली होती, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्या छपरानं गारवा दिला, तेच झोपेतल्या माणसांवर आलं.

कुणी भूकंपाचा विषय काढला की मी ही आठवण सांगते. एकदा पंचांगात रमणाऱ्या एका मैत्रिणीनं मध्येच अडवलं. "मिट्ट काळोख कसा गं? अनंत चतुर्दशीची रात्र ना ती? पौर्णिमा तोंडावर. पहाटे चारला चंद्र पश्चिमेला चांगला असणार."

"आभाळ भरून आलं असेल," मी म्हणाले. पण रुखरुख लागली ती लागलीच. माझ्या आठवणीतला चंद्र कुठे गेला?

अशी एक तरी आठवण प्रत्येकाकडे असते. जुन्या पुणेकरांपुढे 'पानशेत' एवढंच म्हणा, 12 जुलै 1961 च्या दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोट ठेवून दाखवतील. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधी गेल्या तेव्हा आपण कुठे होतो, हे घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. मुंबईवर हल्ला झाला त्या 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीचं विचारलंत तर अनेकजण कटकच्या भारत-इंग्लंड सामन्यापासून सुरुवात करतील. बातमी जगाची असते, पण मन तिच्याबरोबर हातातला चहाचा कपही जपून ठेवतं. त्या कपाचा त्या घटनेशी काय संबंध? कोडं आहे ते इथेच.

हे कोडं मानसशास्त्रज्ञांना फार जुन्या काळापासून खुणावतंय. अब्राहम लिंकन यांची हत्या 1865 सालची. तीसेक वर्षं उलटून गेल्यावर एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या अभ्यासकानं 179 जणांना विचारलं, ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता? 127 जणांनी जागेसह, तपशिलांसह सांगितलं. पुढे 1977 मध्ये हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी या प्रकाराला नाव दिलं, 'फ्लॅशबल्ब मेमरी'. जुन्या कॅमेऱ्याचा दिवा लख्खकन उडावा आणि त्या क्षणी समोर जे जे असेल ते सगळं फोटोत यावं, तसं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लख्ख आठवण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये बरीच जास्त होती. म्हणजे दिवा सगळ्यांसाठी सारखा उडत नाही. दुःख ज्याचं, त्याच्या घरात तो जास्त लख्ख पडतो.

पण तो खरोखर फोटो असतो का?

उल्रिक नाइसर हे स्मृतीच्या अभ्यासातलं मोठं नाव. 7 डिसेंबर 1941 ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा ते शाळकरी पोर होते, दुसऱ्याच दिवशी तेरावं पूर्ण व्हायचं होतं. बैठकीच्या खोलीत आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, मध्येच बातमी आली आणि आईला सांगायला आपण जिन्यावरून वर धावलो, असं त्यांना स्वच्छ आठवत असे. कित्येक वर्षांनी एके दिवशी डोक्यात प्रकाश पडला : डिसेंबरात बेसबॉल कुठून आला? तो तर उन्हाळ्याचा खेळ! पुढे इतर संशोधकांनी उलगडा केला की त्या दिवशी रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, आणि खेळणाऱ्या संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स. न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघांचीही नावं नेमकी हीच. मनानं नावं जपली आणि खेळ बदलून टाकला. ते वाचलं तेव्हा मला माझा हरवलेला चंद्र आठवला.

नाइसर यांनी मग याचा छडाच लावायचं ठरवलं. 28 जानेवारी 1986 ला 'चॅलेंजर' अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात नाइसर आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी 106 विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता? कागद कपाटात गेले. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. एका विद्यार्थिनीनं घटनेनंतर लिहिलं होतं की वर्गात बसले असताना काहीजण आत येऊन बोलायला लागले, तेव्हा कळलं. आता ती सांगत होती की आपण वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही बघत होतो. सात गुणांची ही परीक्षा. सातपैकी सात फक्त तिघांना मिळाले, 11 जणांना भोपळा. आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास? पाचपैकी सरासरी चारच्या वर. त्यांचेच जुने कागद समोर ठेवले, तरी मूळ आठवण काही जागी झाली नाही. तिची जागा दुसरीनं केव्हाच घेतली होती.

मग तो लख्खपणा येतो कुठून? भीती वाटली, धक्का बसला की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि मेंदूत कानशिलाच्या आत खोलवर असलेला बदामाएवढा अमिग्डाला कामाला लागतो. 'हे जपून ठेव' असा जणू तो हुकूम सोडतो. घटनेचा गाभा त्यामुळे घट्ट बसतो. आजूबाजूच्या तपशिलांची मात्र तेवढी हमी नसते. आणि आठवण म्हणजे कपाटातून काढून पुन्हा तशीच ठेवायची वस्तू नव्हे. दरवेळी आठवताना ती नव्यानं रचली जाते, आणि ऐकलेलं, पाहिलेलं, नंतर कळलेलं तिच्यात मिसळत राहतं.

ड्यूक विद्यापीठातल्या जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी 12 सप्टेंबर 2001 ला, न्यूयॉर्कच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 54 विद्यार्थ्यांच्या दोन आठवणी नोंदवल्या. एक हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच दिवसांतल्या एखाद्या साध्या प्रसंगाची. पुढच्या महिन्यांत दोन्ही सारख्याच वेगानं विटल्या. फरक एकच. साध्या आठवणीवरचा भरवसा कमी होत गेला, हल्ल्याच्या आठवणीवरचा जागचा हलला नाही.

इथे एक मोठा अपवाद आहे, आणि तो भूकंपाचाच. ऑक्टोबर 1989 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. नाइसर यांनी तो अंगावर झेललेल्यांच्या आठवणी आणि दूर अटलांटात ज्यांना केवळ बातमी कळली त्यांच्या आठवणी ताडून पाहिल्या. ज्यांच्या पायाखालची जमीन हलली होती, त्यांची आठवण दीडेक वर्षानंतरही जवळजवळ जशीच्या तशी होती. म्हणजे किल्लारीत ढिगाऱ्याखालून बाहेर आलेली बाई सांगते तेव्हा तिला उलटतपासणीची गरज नाही. गरज आहे ती आपल्याला, काठावरच्यांना.

या अपवादानं मला जरा धीर आला. मी काही बातमी ऐकणारी नव्हते. सोलापूर हललं होतं, मी रस्त्यावर उभी होते.

मग गेल्या दिवाळीत काकांच्या ट्रंकेतून एक अंतर्देशीय पत्र निघालं. वर तारीख 30 सप्टेंबर 1993, अक्षर बाबांचं. आम्ही सगळे सुखरूप आहोत, काळजी नसावी. मांडणी पूर्ण खाली आली. पुढे दोन ओळी माझ्याबद्दल. धाकटी उठलीच नाही, तिला पांघरुणासकट उचलून बाहेर आणलं. उजाडल्यावर जागी झाली आणि विचारायला लागली, आपण सगळे रस्त्यावर का झोपलोय?

मी तो भूकंप झोपून काढला होता. भांडी, डबा, गरगरणारं झाकण, आरोळी, काळोख, यातलं काही मी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांना चंद्र कुठून दिसणार?

मग हे सगळं कुणाचं? पत्र पुन्हा पुन्हा वाचताना उमगलं. हिव भरल्यावर वाजणाऱ्या दातांची उपमा सात वर्षांच्या मुलीला कशी सुचेल? मला तोवर कधी हिवताप आला नव्हता. आजीला यायचा. ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि झाकणाशी आली की बोट हवेत गोल फिरवून थांबायची. मी शेजारी बसून ऐकायचे. ऐकता ऐकता केव्हातरी मी त्या गोष्टीत जाऊन उभी राहिले. आजीला जाऊन आता पंधरा वर्षं झाली. ते झाकण अजून माझ्या कानात फिरतंय.

गुलालाचं मात्र पत्रात काही नाही, आणि आजीच्या गोष्टीतही तो कधी नव्हता. उजाडल्यावर गोधडीतून पाय खाली टेकला तेव्हा तो लागला असणार. तेवढी एक आठवण माझी स्वतःची. याची मला अगदी खात्री आहे. खात्रीचं काय असतं, ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.