शेंडीचा अर्ज, संगमनेरची कचेरी

भंडारदऱ्याच्या आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कायद्याची मदत कुठून मिळते ते पाहून ये, असं संपादकांनी सांगितलं. शोध घेत गेले तेव्हा कळलं की ही वाट वकिलाच्या दारात जात नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 मध्ये कायदा झाला. त्याखालचे अर्ज न्यायाधिकरण ऐकतं, आणि कलम 17 ने वकिलाला त्या न्यायाधिकरणाबाहेर ठेवलं. कलम 5 ने मात्र नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला आत घेतलं. म्हाताऱ्या माणसाला स्वतः अर्ज करणं जमत नसेल, तर त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. या एका तरतुदीमुळे काळा कोट नसलेल्या माणसांना हे काम उभं करता आलं.

राज्यात हे काम करणाऱ्यांत पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनचं नाव मोठं. डॉ. विनोद शहा यांनी 1988 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेकडे ज्येष्ठांच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनचं महाराष्ट्रातलं काम आलं. पेन्शन, मालमत्ता, मुलांकडून होणारा छळ, कशाबद्दलही फोन करा, पैसे पडत नाहीत. पण अशा संस्थेचा खरा कस फोन ठेवल्यानंतर लागतो. गावात कागद कोण लिहिणार?

भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात एक निवृत्त शिक्षक भेटले. ते कुठल्या संस्थेत नाहीत, पण लोक कागद घेऊन त्यांच्याकडेच येतात. मी बसले होते तेव्हा पलीकडच्या वाडीतली एक आजी आली. गुरुजींनी नाव, वय, गट नंबर लिहिला, सातबारा उलटून पाहिला. मुलांची नावं विचारली तशी तिनं पदर तोंडाला लावला. “गुरुजी, पोराचं नाव नका लिहू. त्याला बोलावून दम द्या फक्त.” सामनेवाल्याचं नावच नसेल तर अर्ज चालत नाही. गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि कायद्यातच समेटाची सोय आहे, साहेब आधी दोघांना समोरासमोर बसवू शकतात, हे तिला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. घाई केली नाही. हे काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखानं पहिली भरती अशा माणसाची करावी, असं मला मनापासून वाटतं.

गुरुजी सगळ्यात जास्त बोलले ते कलम 23 वर. म्हातारपणी सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर दिलं आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. मात्र ते कायदा लागू झाल्यानंतरचं हवं, आणि अट हवी. आईबापांनी मुलाला शेती बक्षीस दिली की मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, त्यामुळे बक्षीसपत्र झटपट होतं आणि अटीचं वाक्य घालायचं कुणाला सुचत नाही. अशी अट असल्याचं दाखवावंच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं निकाल देताना मात्र त्याच न्यायालयानं सोबतचं वचनपत्र ग्राह्य धरलं आणि हा कायदा उदारपणे वाचा, असं बजावलं. म्हणून दस्त नोंदवण्याआधीच माझ्याकडे या, असं गुरुजी गावात सांगत फिरतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेनं पर्यटकांचे तंबू उभे राहू लागल्यापासून काठावरच्या जमिनीला भाव आलाय. आदिवासी जमीन बिगर-आदिवासींकडे परवानगीशिवाय जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम 36अ आहे. पण घरातल्या घरात घेतलेल्या अंगठ्याला त्याचं संरक्षण नाही.

आता अडचणी, आणि त्या ढीगभर आहेत. न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी, आणि अकोले तालुक्याचे प्रांत बसतात संगमनेरला. शेंडीहून साठेक किलोमीटर. रतनवाडी, साम्रदच्या माणसाला त्याआधी जलाशयाचा वळसा. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे अहिल्यानगरला. निर्वाहाची रक्कम महिना 10,000 रुपयांच्या वर जात नाही. ही मर्यादा काढणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, मंजूर झालं नाही. पण इथे दुखणं वेगळंच आहे. भातावर वर्ष निघत नाही म्हणून मुलगा स्वतःच मजुरीला नारायणगावकडे जातो. त्याच्याकडून दोन हजारांचा हुकूम झाला तरी ते येणार कुठून? आणि तारखेची नोटीस त्याच्या हाती कोण देणार?

हुकूम झाल्यावरही सुटका नाही. मुलानं पैसे थकवले तर वसुलीचं वॉरंट निघतं, महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. पण थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या हप्त्याचं वॉरंट निघत नाही. जूनमध्ये थकलेला हप्ता सप्टेंबर सरेपर्यंत हातचा जातो, आणि घाटघरच्या पट्ट्यात तेवढे महिने पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही. महिन्यातून एक सुनावणी राजूरला ठेवली तर यातल्या कितीतरी खेपा वाचतील. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय तिथे आहेच. तोवर गुरुजी वहीत प्रत्येकीच्या नावापुढे थकलेल्या हप्त्याची तारीख आणि तिथून तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवतात.