उसाच्या ट्रॉलीमागे दुसरा गिअर

गाळप हंगामात नीरा-बारामती रस्त्यावर मोटारीचा वेग पुढचा ट्रॅक्टर ठरवतो. या रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुक गावाच्या एका अंगाला सोमेश्वर सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला माळेगावचा. धुराडी पेटली की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या याच डांबरावरून जातात. समोरून एसटी येत असते, कडेने दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल. मागे अडकलेल्या अल्टो, वॅगन आर, टियागो किंवा क्विडचा चालक पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत राहतो. डाव्या पायाला विसावा नसतो.

तरी नवी गाडी दारात आली की चौकशी पायाची होत नाही. पेढा तोंडात टाकता टाकता कोणीतरी विचारतंच, "किती देते?" कागदावरचा आकडा सांगितला तर पुढचं वाक्य तयार असतं, "ते कंपनीचं झालं. रस्त्यावर किती देते ते सांगा." गेल्या दहा-बारा वर्षांत याला आणखी एक प्रश्न जोडला गेला आहे, "गिअरची घेतली का ऑटोमॅटिक?"

रस्त्यावरचं ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे, पाळणारे थोडे. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबायचं. ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, टायरमधली हवा बघायची आणि निदान तीन-चारशे किलोमीटर गाडी रोजच्यासारखी चालवायची. मग त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्याच खटक्याला हात आवरायचा. झालेले किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. घोळ होतो तो बिलाचा आकडा पूर्ण करण्याच्या नादात. दहा लिटरच्या मोजणीत अर्धा लिटर जास्त कोंबला तर वीस देणारी गाडी वहीत एकोणीसची दिसते. 'पाचशेचं टाकलं आणि दिवा लागेपर्यंत चालवली' हा हिशोब त्याहून कच्चा, कारण टाकीतला तरंगता गोळा चढ-उतारावर आणि वळणावर वेगवेगळं सांगतो.

कंपनीचा आकडा निराळ्या वाटेने येतो. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. अशा मान्यताप्राप्त संस्थेत गाडीची चाकं रोलरवर फिरतात आणि चालक पडद्यावर आखून दिलेली वेगाची रेषा पाळत बसतो. सगळा खेळ ११८० सेकंदांचा. अंतर साडेदहा किलोमीटरहून जरासं जास्त, कमाल वेग ताशी ९०, सरासरी ताशी ३२ च्या आसपास. त्यातला जवळपास पाव वेळ गाडी जागेवरच उभी असते. एसी बंद. पेट्रोल किती जळलं हे सायलेन्सरमधून निघालेल्या धुराच्या नमुन्यातल्या कार्बनवरून काढतात. समोर ट्रॉली नाही, पुढे घाट नाही, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत गव्हाचं पोतं नाही. दोन गाड्या एकाच मापाने मोजायला हा आकडा चांगला. महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यावर बांधला की निराशा होते.

आता गिअरचं. जुन्या छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक फार थोड्या होत्या. मारुती झेनच्या ऑटोमॅटिकला तीन गिअर, सँट्रोच्या ऑटोमॅटिकला चार. त्यांच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर तेलातून ताकद पोचवायचा, आणि त्या तेलाच्या घसरणीत थोडं पेट्रोल फुकट जायचं. 'ऑटोमॅटिक पेट्रोल पिते' हा समज तिथून पक्का झाला. तो तेव्हा खरा होता.

२०१४ च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली आणि स्वस्त गाडीत एएमटी आली. ही यंत्रणा म्हणजे नेहमीचाच हाताचा गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. क्लच दाबायचं आणि दांडी सरकवायचं काम तेवढं संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. चालकाला दोनच पेडल. तेलाची घसरण नसल्याने ताकद वाया जाण्याचं ते कारणच उरत नाही. सेलेरिओच्या दोन्ही प्रकारांचा प्रमाणित आकडा सारखाच होता, लिटरला २३.१ किलोमीटर.

त्यानंतरचे आकडे मात्र दोन्ही दिशांना गेले. २०१५ च्या नव्या नॅनोत हाताच्या गिअरला २३.६ आणि एएमटीला २१.९. २०२१ च्या नव्या सेलेरिओत उलट: हाताच्या गिअरला २५.२४, एएमटीला २६.६८ पर्यंत. २०२२ च्या अल्टो के-१० मध्ये २४.३९ आणि २४.९०. गिअरबॉक्सची जात एकच, तरी एकीकडे तोटा आणि दुसरीकडे फायदा. फरक पडतो तो वरचा गिअर कधी पडतो यामुळे. चाचणीत हाताच्या गाडीचे गिअर ठरवून दिलेल्या क्षणी बदलावे लागतात. एएमटीचे गिअर तिचा संगणक ठरवतो, आणि हल्ली तो शक्य तितक्या लवकर वर जाण्यासाठी शिकवलेला असतो. कमी फेऱ्यांवर इंजिन फिरलं की पेट्रोल वाचतं.

कोऱ्हाळ्याच्या रस्त्यावर या शहाणपणाला मर्यादा पडते. संगणकाला गाडीचा वेग कळतो, पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबला ते कळतं, इंजिनच्या फेऱ्या कळतात. समोर ट्रॉली आहे हे त्याला कळत नाही. ट्रॅक्टर जरा हलला की तो दुसरा टाकतो, लगेच पुन्हा पहिला, आणि प्रत्येक वेळी गाडीतल्यांच्या माना हलकेच पुढे झुकतात. ओव्हरटेक करायला पाय दाबला तर खालचा गिअर पडेपर्यंत क्षणभर काहीच होत नाही. एसटी समोर असताना तो क्षण मोठा वाटतो. सरावलेले चालक अशा वेळी दांडी 'एम'कडे ओढून दुसरा गिअर स्वतःच धरून ठेवतात. हाताच्या गिअरची गाडी चालवणारा जाणता माणूस वेगळं काय करतो? ट्रॉलीपासून दोन गाड्यांचं अंतर सोडतो आणि दुसऱ्यातच सरकत राहतो. पुढे घुसून ब्रेक, पुन्हा पहिला, पुन्हा रेस असं करणाऱ्यापेक्षा त्याचं पेट्रोल कमी जळतं आणि क्लच प्लेटही टिकते.

खरी परीक्षा पुण्याच्या वाटेवर होते. जेजुरी, सासवड मागे टाकून दिवे घाट उतरताना अजूनही काही जण गाडी न्यूट्रल करतात. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं, असा विचार. कार्ब्युरेटरच्या दिवसांतली ही सवय आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोलचा पुरवठाच तोडतो, चाकंच इंजिनला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं पेट्रोल लागतंच. वर इंजिनचा ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. परतीला घाट चढताना गर्दीत थांबावं लागलं, तर एएमटीवाल्याने गाडी ब्रेकवर धरावी. ॲक्सिलरेटर हलका दाबून चढावर गाडी तोलली की आतली क्लच प्लेट घासत राहते, तापते, आणि पाय तिसऱ्या पेडलवर नसल्याने ते चालकाच्या ध्यानातही येत नाही.

ॲव्हरेज घटल्याची तक्रार हल्ली इंधनाकडेही वळली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने जुन्या, दहा टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल, तर वीस टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांचं एक-दोन टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. हे इथेनॉल बऱ्याच प्रमाणात उसापासून येतं. मळीतून, रसातून. ज्या पिकाच्या ट्रॉलीमागे गाडी रखडते, त्याच पिकाचा अंश तिच्या टाकीतही असतो, आणि उसाला भाव मिळण्यात या इथेनॉलचाही वाटा असल्याने कोऱ्हाळ्यात या तक्रारीला जरा जपूनच सूर लागतो.

मग गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक? अल्टो के-१० बाजारात आली तेव्हा एकाच दर्जाच्या हाताच्या आणि एएमटी गाडीच्या शोरूम किमतीत ५०,००० रुपयांचा फरक होता. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर २४.३९ च्या गाडीला ४१ लिटर लागतात, २४.९० च्या गाडीला ४०.१६. बचत ०.८४ लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरा, महिन्याला ८४ रुपये. त्या बचतीवर ५०,००० फेडायला जवळपास पन्नास वर्षं लागतील. म्हणजे एएमटी घ्यायची ती गुडघ्यासाठी, रोजच्या बारामतीच्या फेऱ्यांसाठी, घरात नव्याने गाडी शिकणाऱ्यासाठी. पेट्रोल वाचवण्याच्या नावाखाली तिचे जास्तीचे पैसे मोजण्यात हशील नाही.

ज्याला पैसेच वाचवायचे आहेत तो सीएनजीकडे वळतो. अल्टो के-१० चा सीएनजीवरचा प्रमाणित आकडा किलोला ३३.८५ किलोमीटर. त्यात डिकी सिलिंडरला जाते आणि पंपावरच्या रांगेत वेळ. बराच काळ सीएनजी हवा असेल तर गिअर हातानेच टाकावे लागत. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटांनी टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजी आणि एएमटी एकत्र आणली. टियागोचे आकडे किलोला २६.४९ आणि २८.०६, एएमटीचा जास्त. हाताचा गिअर आणि एएमटी यांत निवड करणाऱ्याने शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नये. हंगामात, सकाळी, कारखान्याच्या फाट्याकडे गाडी न्यावी, एसी चालू ठेवावा, घरची माणसं बसवावीत आणि दोन ट्रॉल्यांमागे निदान पंधरा मिनिटं दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवून पाहाव्यात.