साने गुरुजींनीं आपणांपाशीं काय मागितलें ?

आमच्या एकत्र कुटुंबांत रात्रीचीं जेवणें उरकलीं म्हणजे काकू ‘श्यामची आई’ मोठ्यानें वाचीत, आणि माजघरांत बसलेल्या लहानथोरांचे डोळे ओले होत. मराठी घरांतून असें वाचन किती झालें असेल, याची गणती नाहीं. परंतु ज्या शिक्षकाच्या लेखणीनें हे अश्रू आणिले, त्यानें आपणांपाशीं केवळ अश्रूच मागितले होते काय, हा प्रश्न आम्हांस उतारवयांत पडूं लागला आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगड येथें झाला. दारिद्र्याशीं झगडत ते एम्. ए. झाले आणि १९२४ सालीं खानदेशांत अंमळनेर येथील शाळेंत शिक्षक झाले. पुढें तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे आली. गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, कंदील पुशीत, मळके कपडे धुवून ठेवीत, आजाऱ्याच्या उशाशीं बसत. मुलांकरितां ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्तें लिहून काढीत. छडीवांचून शिस्त कशी राहते, असें आम्हां शिक्षकांस वाटे. परंतु ज्याची खोली प्रत्यक्ष गुरुजींनीं झाडिली, तो मुलगा दुसऱ्या दिवशीं ती अस्वच्छ कशी ठेवील ?

१९३० सालीं नोकरी सोडून ते स्वातंत्र्यसंग्रामांत उतरले. तुरुंगांतही त्यांची शाळा सुटली नाहीं. केवळ भूमिका पालटली. धुळ्याच्या कारागृहांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं गुरुजींनीं लिहून घेतलीं म्हणूनच आज आपणांस लाभलीं आहेत. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली गेली. राष्ट्र सेवा दलांतील तरुणांस ते वडील भावासारखे होते, आणि १९४८ सालीं त्यांनीं ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलें.

त्या पुस्तकांत एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानिलेल्या एका म्हातारीची मोळी खालीं पडते. आई श्यामास ती उचलून देण्यास सांगते, आणि मग घरीं येऊन स्नान कर, असेंही सांगते. त्या काळच्या त्या माउलीनें टाकिलेलें एवढें पाऊलही लहान नव्हतें. तिच्या पुत्रानें मात्र पुढचें पाऊल टाकिलें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून गुरुजींनीं महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजीं उपोषण आरंभिलें. १० मे रोजीं तें सुटलें. मंदिराचें द्वार उघडलें. आईनें दिलेल्या शिकवणींतून मुलानें स्नान तेवढें गाळिलें, आणि करुणा संपूर्ण ठेविली.

येथें स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमचा एक वर्गमित्र गणिताच्या अभ्यासाकरितां आमच्या घरीं येई. त्यास पाणी ओटीवरच मिळे, आणि त्याचें भांडें निराळें असे. तो तें स्वतः विसळून कोनाड्यांत पालथें घाली. त्याच रात्रीं आंत ‘श्यामची आई’चें वाचन होई, आणि आम्हीही रडत असूं. त्या भांड्याकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. एके दिवशीं तो यावयाचा थांबला, तेव्हांही ‘कां ?’ असें आम्हीं विचारिलें नाहीं. पुढें आम्हीं अनेक वर्षें वर्गांत संस्कृत सुभाषितें शिकविलीं. परंतु तें पालथें भांडें आठवलें म्हणजे अजून मान खालीं जाते.

११ जून १९५० रोजीं, पन्नाशी उलटून सहा महिनेही झाले नव्हते तोंच, गुरुजी गेले. आज त्यांचें पुस्तक घरोघर आहे, आणि तें अवश्य वाचावें. पण वाचन संपलें म्हणजे घरांतील वडील मंडळींनीं एकवार उठून स्वयंपाकघरांत जावें आणि पाहावें. कामास येणाऱ्या बाईंचा पेला कोठें निराळा ठेविलेला नाहीं ना ? असेल तर तो आपल्या पेल्यांत मिसळून टाकावा. नातवंडें तें पाहतील, आणि गुरुजी कशास म्हणत, हें त्यांस वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं.