सोबत कोण आलंय?

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. कोर्टातून परतलो, तर ऑफिसच्या बाकावर एक एकोणीस वर्षांची मुलगी बसली होती. लहानपणापासून बालगृहात वाढलेली. अठरा पूर्ण झाली आणि बाहेर पडावे लागले. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, अंबरनाथला दोघींसोबत भाड्याच्या खोलीत राहते. पाचवा महिना लागलेला. लग्नाचे वचन देणारा निघून गेलेला. एका रुग्णालयात केसपेपर काढायला गेली तेव्हा तिला तीन प्रश्न विचारले गेले. नवऱ्याचे नाव? पत्त्याचा पुरावा? सोबत कोण आलंय? तिसऱ्या प्रश्नावर ती रडली आणि तपासणी न करताच परतली. मला म्हणाली, "वकीलसाहेब, माझ्यावर केस होईल का?"

होणार नाही. सज्ञान स्त्रीने लग्नाविना आई होणे हा या देशात गुन्हा नाही. बाळाच्या जन्मदाखल्यासाठी बापाचे नाव सांगण्याची सक्ती अविवाहित आईवर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो, पण म्हणून तिचा उपचार थांबवता येत नाही.

मग अडते कुठे? योजना तर आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, आहार आणि वाहतूक २०११ पासून मोफत आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात आणि नव्या नियमांत नवऱ्याचे आधार कार्ड सक्तीचे नाही. पण बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे, रक्त तपासावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, हे घरात आई, मावशी, आत्या सांगते. हिला कोण सांगणार?

बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ४६ म्हणते की संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला अठराव्या वर्षी आर्थिक साहाय्य देता येईल. नीट वाचा. "देता येईल", "द्यावेच" नाही! या एका शब्दाच्या फटीतून किती मुले रस्त्यावर पडत असतील? मिशन वात्सल्यमध्ये अशा तरुणांच्या अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत हा आधार मागता येतो. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा लागतो. बालगृहातून निघताना या मुलीला तो अर्ज कोणी दाखवलाच नव्हता.

हा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने टाकलेल्या विधवेला तिथे निर्भयपणे बाळंत होता येत होते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. आणि बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहून सांगितले की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. त्यांनी हे कष्टकरी बाईसाठी मांडले. धागे कापणारी ही मुलगी त्यांच्या नजरेसमोर नव्हती असे कोण म्हणेल?

आपण जयंतीला लाखोंची मिरवणूक काढतो. त्यात गैर काही नाही. पण उल्हासनगरचे पाच कॅम्प, अंबरनाथ, बदलापूर इथल्या प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने फक्त दोन भगिनींची नावे ठरवावीत. अशी मुलगी आढळली की ९ तारखेला तिच्यासोबत रुग्णालयात जायचे, माता-बाल संरक्षण कार्ड काढायचे, बँक खाते उघडून द्यायचे. वकिलांनी अर्ज लिहावेत. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, तेही उत्पन्नाची अट न घालता. आणि शासनाकडे एकच मागणी लावून धरावी : कलम ४६ मधला "देता येईल" काढा, "द्यावेच" लिहा.

त्या मुलीसोबत आमच्या विहारातल्या दोन भगिनी गेल्या. कार्ड निघाले, रक्त कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या. अनुरक्षणाचा अर्जही आम्ही केला आहे. आता तिला आठवा महिना आहे. परवा खिडकीवर पुन्हा तोच प्रश्न आला, सोबत कोण? ती म्हणाली, "माझ्या दोन मावश्या."

जयभीम.