ऑईल कॅपखाली दुधाळ साय? इंजिन खोलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रत्नागिरीत घरूनच काम चालू असल्यामुळे आमच्या पेट्रोल गाडीचा दिवसाचा प्रवास म्हणजे साळवी स्टॉप ते मारुती मंदिर आणि परत. गणपतीच्या आधी सहज बॉनेट उघडलं, ऑईल भरायचं झाकण काढलं आणि धक्काच बसला. झाकणाच्या आत पिवळट-पांढरी, चिकट साय! एका गॅरेजमध्ये दाखवलं तर बघताक्षणीच उत्तर आलं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." म्हणजे हजारोंचा खर्च. त्यात डिसेंबरमध्ये घरच्यांना घेऊन याच गाडीने मनालीला जायचं ठरलेलं. बाबांचा चेहरा उतरला.

शेवटी खराब काय निघालं? काही शे रुपयांचा एक छोटा व्हॉल्व्ह आणि कडक झालेला रबरी पाईप. हा पार्ट काय करतो, थंडीत तो जास्त का त्रास देतो आणि तो कसा बदलायचा, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

पीसीव्ही म्हणजे नेमकं काय?

पीसीव्ही म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन. क्रँककेस म्हणजे पिस्टनच्या खालचा भाग, जिथे क्रँकशाफ्ट फिरतो आणि ज्याच्या तळाशी ऑईल साठलेलं असतं.

पिस्टनवरच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाच्या वेळी थोडा गॅस त्यांच्या फटीतून खाली निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं आणि भरपूर वाफही असते. हो, वाफ! एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी खाली येतेच.

हा गॅस बाहेर काढला नाही तर काय होईल? कुकरची शिट्टी जाम झाल्यावर जे होतं तेच. आत प्रेशर वाढत जातं आणि सर्वात कमकुवत जागा शोधतं. इंजिनमध्ये ती जागा म्हणजे ऑईल सील आणि गॅस्केट.

जुन्या गाड्यांमध्ये हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जायचा. त्याने हवा खराब होते हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून पीसीव्ही बसवायला सुरुवात झाली. आज आपल्याकडच्या बीएस-6 गाड्यांमध्येही हा गॅस उघड्यावर सोडायला परवानगी नाही. तो परत इंजिनात ओढून जाळला जातो.

व्हॉल्व्ह काम कसं करतो?

पेट्रोल इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा ओढली जात असल्यामुळे व्हॅक्यूम तयार होतो. पीसीव्ही व्हॉल्व्हचा पाईप तिथे जोडलेला असतो. व्हॉल्व्हच्या आत एक स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या असतो.

- गाडी आयडलवर असताना ओढ जास्त असते. दट्ट्या पुढे सरकतो आणि थोडाच गॅस जाऊ देतो.
- ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते. दट्ट्या मागे येतो आणि जास्त गॅस जातो.
- इंजिनने बॅकफायर केलं तर तो रस्ता बंद करतो, म्हणजे ज्वाला खाली क्रँककेसमध्ये पोचत नाही.

दुसऱ्या बाजूने एअर फिल्टरमधून स्वच्छ हवा आत येते. थोडक्यात, घरातली एक खिडकी आणि एक एक्झॉस्ट फॅन.

थंडीचा आणि रत्नागिरीचा काय संबंध?

इथेच खरी गंमत आहे. इंजिनसाठी "थंडी" फक्त हवामानावर ठरत नाही. ऑईल पुरेसं तापलं का, यावर ठरते. ऑईल नीट तापलं की त्यातलं पाणी वाफ होऊन पीसीव्हीमधून निघून जातं. पण दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाही. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचं तापमान सांगतो. ऑईल त्याच्या बरंच मागे असतं.

मग वाफ झाकणासारख्या थंड भागावर जमते, ऑईलमध्ये मिसळते आणि साय तयार होते. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली, त्यात रोज छोट्या फेऱ्या. म्हणजे कॅनडातल्या गाडीला जानेवारीत होणारा त्रास रत्नागिरीच्या गाडीला जुलैमध्ये होऊ शकतो!

फरक एवढाच की आपल्याकडे ही साय पाईप अर्धवट तुंबवते. शून्याखाली तापमान गेलं की पाईपमधलं पाणी चक्क गोठतं आणि रस्ता पूर्ण बंद होतो. मग प्रेशरने डिपस्टिक वर उचलली जाते, सीलमधून ऑईल गळतं. म्हणूनच थंड देशांतल्या काही गाड्यांमध्ये या पाईपला गरम ठेवायची सोय असते. आमच्यासारखा तुंबलेला पाईप घेऊन मनालीची पहाट गाठणं म्हणजे धोकाच होता.

पीसीव्ही की हेड गॅस्केट? असं ओळखा

मोबाईलचा टॉर्च लावा आणि फोटो काढून ठेवा.

1. साय फक्त झाकणावर आहे, डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ आहे आणि कूलंटची पातळी आठवडाभर तशीच आहे? मग बहुतेक वेळा जमलेली वाफच असते.
2. डिपस्टिकवरही ऑईल दुधाळ आहे, कूलंट कमी होतोय, इंजिन तापतंय किंवा गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय? मग गाडी चालवू नका. हेड गॅस्केटची तपासणी लागेल.
3. इंजिन आयडलवर ठेवून ऑईलच्या झाकणाच्या जागी कागद धरा. कागद हलका ओढला गेला तर ठीक. तो फडफडून उडत असेल तर आत प्रेशर साठतंय. फिरत्या पट्ट्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवा.

आमच्या गाडीत पहिली खूण जुळली आणि कागद उडाला. तेव्हा दुसऱ्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. आवाजच नाही. आतला दट्ट्या सायीत चिकटून बसला होता.

बदलायचा कसा?

- इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. व्हॉल्व्हची जागा मॅन्युअलमध्ये बघा. बहुतेक वेळा तो हेड कव्हरवर असतो.
- पक्कडीने क्लिप सरकवा, पाईप काढा, मग व्हॉल्व्ह हळूच फिरवत बाहेर ओढा.
- नवा व्हॉल्व्ह आपल्याच मॉडेलचा घ्या. स्प्रिंग वेगळी असेल तर आयडल बिघडतं.
- व्हॉल्व्हखालचा रबरी ग्रोमेट आणि पाईपही सोबत बदला. पाईप ऑईल आणि पेट्रोलला टिकणाराच हवा. पाण्याचा साधा पाईप फुगतो किंवा ओढीने चपटा होतो.
- व्हॉल्व्हची दिशा उलटी करू नका.
- शेवटी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला.

काही नव्या गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह हेड कव्हरमध्येच बसवलेला असतो. टर्बो आणि डिझेल इंजिनची रचनाही वेगळी असते. तिथे घरी प्रयोग नको.

आणि एक जुगाड अजिबात करू नका: पाईप काढून मोकळा सोडणं. मॅनिफोल्डमधून जास्तीची हवा आत शिरते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि ओबीडी स्कॅनर ॲपवर पी0171 सारखा कोड येऊ शकतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी सलग चालवा. आम्ही आता रविवारी पावसला जाऊन येतो. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून ऑईल लवकर तापत नाही. बाईक किंवा स्कूटर असेल तर एअर फिल्टर बॉक्सखाली बुच लावलेली पारदर्शक नळी आहे का बघा. अनेक मॉडेलमध्ये असते. तिच्यात पाणी-ऑईल साठलं असेल तर रिकामी करा.

डिसेंबरमध्ये आम्ही मनालीला जाऊन आलो. सकाळी काचेवर बर्फ असायचं, पण डिपस्टिक जागेवर आणि गाडीखालची जमीन कोरडी. हेड गॅस्केट अजून जुनंच आहे. तेव्हा कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हटलं, तर हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: "काका, पीसीव्ही बघितला का?"